बिनभाड्याचा मुक्काम

संशयी : ज्या जागेवर राहण्यासाठी कोणी भाडे देत नाही, त्या जागेचा खर्च दुसरे कोणीतरी उचलत असते, आणि ते कोण हे ठरवल्याशिवाय सोलापूर जिल्ह्यातील पालखीतळांची थोरवी सांगण्यात फारसा अर्थ नाही. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीपाशी जिल्ह्यात शिरते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम करीत पंढरपूरला पोहोचते. यांतील प्रत्येक ठिकाणी पालखी उतरण्यासाठी एक मोकळी जमीन राखलेली असते, जिला तळ म्हणतात, आणि तिच्यावर व भोवतालच्या शेतांत एका रात्रीपुरती प्रचंड वस्ती उभी राहते. जिल्हा पर्जन्यछायेतला, म्हणजे सह्याद्रीने अडवलेल्या ढगांच्या मागे राहिलेला. नीरेच्या कालव्यांनी माळशिरस तालुक्याचा बराच भाग उसाखाली आणला असला, तरी एरवीचा पाऊस तुटपुंजा आणि तोही मुख्यतः सप्टेंबरात पडणारा, त्यामुळे आषाढात पालख्या येतात तेव्हा विहिरींना पाणी असेलच याची खात्री नसते. अशा प्रदेशात पाण्याचे टँकर, फिरती शौचालये, दिवे, दवाखाना आणि चिखल झालाच तर काळ्या मातीवर अंथरायचा मुरूम एवढी किमान व्यवस्था विनामूल्य द्यायची, तर तिचा भार ग्रामपंचायतींपासून राज्य शासनापर्यंत सगळ्यांवर पडतो. जो तेथे राहतो त्याला हा भार जाणवत नाही, आणि न जाणवणारा खर्च वाढतच जातो.

पुरस्कर्ता : भार जाणवत नाही हे विधान तळाच्या जमिनीपुरते खरे धरले, तरी वारकऱ्याच्या निवाऱ्याला ते लागू पडत नाही. दिंडी म्हणजे वीणेकरी, टाळकरी, मृदंगवादक यांच्यासह एका फडाच्या किंवा गावाच्या नावाने चालणारा समूह. त्यातील प्रत्येक जण निघण्यापूर्वी भिशी भरतो, आणि त्या पैशातून सामानाचा ट्रक, तंबू, आचारी व दोन वेळचे जेवण उभे राहते. समाजाकडून मिळते ते जमीन, पाणी आणि उजेड. ही जमीन बिनभाड्याने देण्यामागे दयाबुद्धी आहे असे मानणे इतिहासाला धरून नाही. देहूच्या नारायण महाराजांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली असे मानले जाते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीच्या सोहळ्याला आजची शिस्त दिली, तेव्हा अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे आणि तंबू पुरवले. वाटेवरच्या गावांनी उतरायला जागा दिली, आणि कोणती दिंडी कोठे उतरणार हे पिढ्यान्पिढ्या ठरून गेले. वाटसरूला रात्रीपुरते पाठ टेकू देणे हे गावाचे कर्तव्य आहे, असा एक अलिखित करार या सगळ्यामागे दिसतो. नॉर्वेने १९५७ मध्ये याच जातीचा करार कायद्यात लिहिला : वस्तीच्या घरापासून दीडशे मीटर दूर राहून कोणीही पडीक किंवा रानातल्या जमिनीवर, मालक कोणीही असला तरी, दोन दिवस तंबू ठोकू शकतो. सोलापूरच्या माळावर हे कायद्यावाचून घडले, इतकाच फरक.

संशयी : फरक इतकाच नाही. नॉर्वेत जमीन विपुल आणि माणसे विरळ आहेत; अमेरिकेच्या पश्चिमेकडील वाळवंटातही केंद्र सरकारच्या पुष्कळशा जमिनीवर कोणतेही शुल्क न देता साधारणपणे चौदा दिवस तळ ठोकता येतो, कारण तेथे मैलोगणती दुसरे कोणी नसते आणि आपला कचरा आपणच परत नेण्याची अट पाळली न गेली तरी वाळवंटाला ती चूक काही काळ पचते. माळशिरस-पंढरपूरच्या वाटेवर एका रात्रीत जेवढी माणसे येतात, तेवढी त्या वाळवंटी तळांवर कित्येक हंगामांतही येत नसतील. गॅरेट हार्डिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये मांडलेला सामायिक मालकीचा पेच येथे जसाच्या तसा लागू होतो : सर्वांना खुले असलेले गायरान प्रत्येक गुराखी थोडे अधिक वापरतो, त्या अधिक वापराचा लाभ एकट्याला मिळतो आणि झीज सर्वांत वाटली जाते, म्हणून गायरान संपते. पालखीतळ हे एका रात्रीचे गायरान आहे.

पुरस्कर्ता : हार्डिनच्या गायरानात गुराखी एकमेकांशी बोलत नाहीत, हीच त्या सिद्धांताची उणीव एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवून दिली. त्यांच्या १९९० मधील ग्रंथात स्वित्झर्लंडची कुरणे, जपानची गावराने, स्पेनमधील पाटाच्या पाण्याच्या संस्था अशी उदाहरणे आहेत, जेथे लोकांनी स्वतः नियम केले, स्वतः देखरेख ठेवली, तंटे जागच्या जागी मिटवले आणि सामायिक संपत्ती शतकानुशतके टिकवली. या कामासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पालखीतळावर नेमकी अशी एक संस्था रोज संध्याकाळी भरते. माउलींची पालखी तळावर आली की सर्व दिंड्या तिच्याभोवती गोलाकार उभ्या राहतात, टाळांचा गजर टिपेला पोहोचतो, आणि चोपदाराने चोप, म्हणजे अधिकाराचा दंड, वर करताच सारा तळ क्षणात शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीत राहते. चोपदार तिच्यापाशी जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात, मग हरवले-सापडले काय ते पुकारले जाते, दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगितली जाते आणि त्यानंतर आरती होते. समाज आरती या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रथेत नियम, देखरेख आणि तंट्याचा निवाडा हे तिन्ही घटक आहेत, आणि त्यांसाठी पोलीस लागत नाहीत. रथापुढे सत्तावीस दिंड्या आणि मागे बाकीच्या हा क्रमही कोणी मोडत नाही. जिथे इतकी शिस्त आहे, तिथे विनाशुल्क वापरामुळे जागेचा नाश होतो हे अनुमान आपोआप निघत नाही.

संशयी : समाज आरतीची महती नाकारण्याचे कारण नाही, पण तिच्या कक्षेत काय येते आणि काय येत नाही हे तपासावे लागते. चालण्याचा क्रम, मान, हरवलेली पिशवी, निघण्याची वेळ ही गाऱ्हाणी तेथे पोहोचतात. तळ सोडल्यावर मागे राहिलेल्या पत्रावळी, प्लास्टिक आणि मैला यांविषयी टाळ वाजवीत उभी राहणारी दिंडी विरळाच. ऑस्ट्रॉम यांच्या उदाहरणांतील गावकरी त्याच कुरणावर उद्याही येणार असतात, म्हणून आजची घाण त्यांना उद्या भोवते; वारकरी पहाटे उठून पुढच्या मुक्कामाला जातो आणि त्याने सोडलेला तळ दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला येतो. हा दुसरा कोण हे पंढरपुरात अतिशय स्पष्टपणे दिसले. चंद्रभागेच्या पात्रातील वाळवंट हे शतकांपासूनचे बिनभाड्याचे उतरण्याचे ठिकाण. तेथे राहुट्या पडत, कीर्तने होत, आणि शौचाची सोय नसल्यामुळे वारी उलगल्यावर तो मैला ठरावीक जातींतील सफाई कामगारांना हाताने उचलावा लागे. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर देशात १९९३ पासून कायद्याने बंदी होती आणि २०१३ मध्ये अधिक कडक कायदा झाला, तरी ही स्थिती न्यायालयासमोर आणावी लागली. मुंबई उच्च न्यायालयाने वाळवंटातील तंबू-राहुट्यांवर निर्बंध घातले, पुढे वारीच्या मोजक्या दिवसांपुरती भजन-कीर्तनाला मुभा दिली, आणि शासनाला पैलतीरावरील रेल्वेची पासष्ट एकर जागा दिंड्यांच्या मुक्कामासाठी तयार करावी लागली. शतकानुशतकांच्या स्वयंशिस्तीने जे केले नाही ते एका याचिकेने केले, ही गोष्ट पुरस्कर्त्यांनी टाळू नये.

पुरस्कर्ता : ती टाळता येत नाही, आणि टाळूही नये. मात्र तिच्यातून निघणारा निष्कर्ष तपासण्याजोगा आहे. न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर उभी राहिलेली पासष्ट एकराची जागा, जिला आता भक्तिसागर म्हणतात, तीही बिनभाड्याचीच राहिली. तेथे प्लॉट आखले आहेत, दिंडीप्रमुखाने मागणी करायची आणि प्रशासनाने जागा नेमून द्यायची अशी पद्धत आहे, नळ आहेत, शौचालये आहेत, विजेचे खांब आहेत. याचा अर्थ दोष विनाशुल्क असण्यात नव्हता, व्यवस्था नसण्यात होता. शुल्क लावले असते तर मैला कमी पडला नसता. शुल्क न परवडणारी माणसे जागेच्या कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला आणि पुन्हा पात्रातच उतरली असती. वारीत दिंडीची भिशीही न देऊ शकणारे, कोणत्याच दिंडीत नाव नसलेले असंख्य लोक चालतात. पेरणी उरकलेला शेतमजूर, मुलाने सांभाळणे सोडलेली म्हातारी, गावातील एखादा एकटा जीव. आषाढीला पंढरपुरात लॉजचे आणि खासगी खोल्यांचे दर चढतात, त्या बाजारात या माणसांना स्थान नाही. त्यांच्यासाठी भुईवर टाकलेले पोते आणि वर ओढलेला प्लास्टिकचा कागद हाच मुक्काम असतो, आणि त्याला दहा रुपयांचे तिकीट लावले तरी ते तिकीट तपासणारा माणूस, दांडके आणि रांग त्यांच्यामागे येतेच. शिवाय सोयी जितक्या साध्या, तितके सगळे एका पातळीवर राहतात. एकाच नळाखाली सावकार आणि सालगडी उभे राहतात, हे पक्क्या इमारतींच्या यात्रेकरू निवासात घडत नाही.

संशयी : साधेपणामुळे समता येते या समजुतीला वारीच्याच अभ्यासकांनी धक्का दिलेला आहे. इरावती कर्वे यांनी दिंडीबरोबर चालून लिहिलेल्या ‘वाटचाल’ या लेखात, एकाच विठ्ठलाचे नाव घेत चालणाऱ्या माणसांच्या पंगती मुक्कामावर जातीनुसार वेगळ्या बसत होत्या, हे अस्वस्थ होऊन नोंदवले आहे. पंढरपूरच्या मंदिराचे दार दलितांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावे लागले. तोपर्यंत वाळवंट सर्वांचे आणि गाभारा काहींचा, अशी वाटणी निर्धोक चालू होती. म्हणजे उघडे मैदान सर्वांना खुले असते ते पुष्कळदा यासाठी की त्यावर कोणाचा हक्क सिद्ध होत नाही. आजच्या तळावरही पातळी एक नाही : जलरोधक तंबू, जनित्र आणि स्वतःचा पाण्याचा टँकर असलेली दिंडी एका बाजूला, आणि गोणपाटावर झोपलेला मोकळा वारकरी दुसऱ्या बाजूला. त्याहून मोठा भेद स्त्री-पुरुषांचा आहे. पुरुष टँकरच्या तोटीखाली उघड्यावर आंघोळ उरकतो. बाईला त्यासाठी रात्री दोन-तीनला उठावे लागते, दोघी-तिघींनी लुगडी धरून आडोसा करावा लागतो, आणि शौचासाठी अंधाराची वाट पाहताना दिवसभर पाणी कमी प्यावे लागते. दोन-अडीचशे किलोमीटर उन्हातान्हात चालणाऱ्या शरीराने पाणी कमी पिणे म्हणजे काय, हे वैद्याला विचारावे. किमान सोय कोणती हे ठरवताना निरोगी पुरुषाचे शरीर मोजमाप म्हणून धरले गेले आहे, आणि त्यालाच साधेपणा हे भारदस्त नाव मिळाले आहे.

(या टप्प्यावर वाद पालख्यांपुरता राहत नाही. साध्या मुक्कामाची स्तुती करणाऱ्या लेखनात, मग ते वारीविषयी असो की हिमालयातील पदयात्रांविषयी, लिहिणारा बहुधा परत जाण्यासाठी पक्के घर असलेला असतो, आणि ही स्तुती वाचताना तेवढे भान ठेवलेले बरे.)

पुरस्कर्ता : मोजमाप चुकले होते हे कबूल करावे लागेल, आणि गेल्या दशकभरात निर्मलवारीसारख्या उपक्रमांतून फिरत्या शौचालयांची जी संख्या वाढली ती या चुकीचीच कबुली आहे. त्या शौचालयांचा वापर सर्वाधिक निकडीने स्त्रियांनी केला, हे तळावर उभे राहणाऱ्या कोणालाही दिसते. परंतु सोय वाढवणे आणि जागा महाग करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. आळंदी-पंढरपूर आणि देहू-पंढरपूर हे पालखीमार्ग आता राष्ट्रीय महामार्ग झाले आहेत, त्यांच्या चौपदरीकरणाची कोनशिला ८ नोव्हेंबर २०२१ रोजी बसवली गेली आणि कडेने पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट आखली गेली. या खर्चाचा हिशेब वारकऱ्याच्या माथी कोणी मारीत नाही, कारण रस्ता ही सार्वजनिक वस्तू आहे असे सर्वांनी मानले आहे. दिवसा चालण्याची वाट सार्वजनिक आणि त्याच वाटेवर रात्री टेकण्याची जागा मात्र खासगी, या भेदाला आधार काय? चालणाऱ्याला झोपही लागते. म्हणून आग्रह एवढाच की तळ हा रस्त्याचाच भाग मानला जावा आणि त्याचे पाणी, आडोसा व शौचालय रस्त्याच्या डांबराइतकेच अत्यावश्यक समजले जावे.

संशयी : हे सूत्र मान्य केले तर ते पुरते मान्य करावे लागेल, आणि मग पुरस्कर्त्यांना अडचणीत टाकणारा दुसरा तळ समोर येतो. सोलापूर हा राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. दिवाळीच्या आगेमागे बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येथे येतात. एक जोडपे म्हणजे एक कोयता, मुकादमाने दिलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडेपर्यंत त्यांना थांबावे लागते, आणि गाळप संपेपर्यंतचे चार-पाच महिने ती कारखान्याच्या परिसरात किंवा उसाच्या फडाच्या बांधावर पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोप्यांत राहतात. तेही बिनभाड्याचेच राहणे आहे, गावापासून दूर आहे, आणि सोयी किमान म्हणाव्यात तर पुष्कळ ठिकाणी तेवढ्याही नसतात. पालखीतळावर एका रात्रीसाठी टँकर येतो; कोपीतली बाई चार महिने पाणी डोक्यावर आणते आणि पहाटे अंधारात आडोसा शोधते. दोन्हीकडे जमीन सारखीच उघडी, दोन्हीकडे राहणारे बहुधा कोरडवाहू शेतकरी आणि भूमिहीन, क्वचित तीच माणसे : आषाढात माउली म्हणून ज्यांच्या पाया पडतात, त्यांनाच कार्तिकानंतर गावाच्या पाणवठ्यावरून हटकले जाते. तेव्हा पालखीतळाच्या सोयी वाटसरूच्या हक्कातून आलेल्या नसून, देवाच्या नावाने येणाऱ्या वाटसरूच्या मानातून आलेल्या आहेत, असे म्हटले तर ते खोडता येईल काय?

पुरस्कर्ता : पूर्णपणे खोडता येणार नाही. इतकेच सांगता येईल की मानातून सुरू झालेली व्यवस्था हक्काकडे नेता येते, कारण ती उभी करण्याचे कसब प्रशासनाच्या अंगवळणी पडलेले आहे : प्लॉट आखणे, पाण्याचा हिशेब, शौचालयांची संख्या, फिरता दवाखाना, कचऱ्याची गाडी. जे कसब लाखोंच्या एका रात्रीसाठी दरवर्षी वापरले जाते ते काही हजारांच्या चार महिन्यांसाठी वापरता येणार नाही, असे कोणताही तहसीलदार म्हणू शकत नाही. शिवाय परतीच्या वाटेवरची थोडी वर्दळ सोडली, तर पालखीचे तळ आषाढीनंतर जवळपास वर्षभर रिकामे पडून असतात. सार्वजनिक पैशाने घातलेला नळ आणि बांधलेला संडास त्या काळात मजुरांच्या टोळ्यांना, मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगरांना किंवा पायी जाणाऱ्या कोणाही वाटसरूला का खुला असू नये?

संशयी : यावर तीन आक्षेप उभे राहतील आणि ते हलके नाहीत. पहिला आर्थिक : टोळ्यांना तळ खुला केला की त्यांच्या निवाऱ्याची जबाबदारी कारखान्यावरून आणि मुकादमावरून उतरून सार्वजनिक तिजोरीवर येईल, म्हणजे बिनभाड्याच्या जागेचा खरा लाभ मजुराला न होता त्याला कमी दरात राबवणाऱ्याला होईल. दुसरा व्यवहाराचा : कोयत्याला फडाजवळ राहावे लागते, आणि फड दर काही दिवसांनी बदलतो. तिसरा आक्षेप कोणी उघडपणे बोलणार नाही, पण ग्रामसभेत तोच निर्णायक ठरेल : जिथे पालखी टेकते त्या जागेवर कोप्या पडू द्यायला गाव तयार होणार नाही.

पुरस्कर्ता : पहिल्या आक्षेपाला उत्तर आहे, कारखान्याकडून टनामागे वसुली करून तो पैसा तळाच्या पाण्या-संडासाला लावता येईल, आणि तशी वसुली सहकारी असो वा खासगी, सर्वांवर सारखी ठेवता येईल. दुसऱ्यालाही उत्तर शोधता येईल, कारण शौचालये जर पालखीमागे गावोगाव फिरू शकतात तर ती फडामागेही फिरू शकतात. तिसऱ्याला मात्र प्रशासनाकडे उत्तर नाही. ते फडकरी, दिंडीप्रमुख आणि कीर्तनकार यांच्याकडे आहे, कारण तळ कोणाचा हे गावाला सांगण्याचा अधिकार गाव त्यांनाच देते.

संशयी : मग तो प्रश्न त्यांच्यासमोर ठेवावा, आणि तो आषाढीच्या तयारीच्या बैठकीत ठेवावा, कारण जिल्हाधिकारी, गटविकास अधिकारी, दिंडीप्रमुख आणि तळाच्या गावांचे सरपंच वर्षातून एकदा एकत्र बसतात ते तेव्हाच. विषयपत्रिकेवर दोन बाबी पुरेत : दिंडी तळ सोडेल तेव्हा तिच्या प्लॉटची सफाई दिंडीतील कोण करणार, याचे नाव जागावाटपाच्या अर्जातच घ्यावे, आणि कार्तिकीनंतर त्या तळाचा नळ कोणाकोणासाठी चालू राहील, हे त्या गावच्या सरपंचाने बैठकीत सांगावे.